घड्याळवालीसाठी निवडलेलं पुस्तक

पुस्तक कसं निवडावं हे मला कोणी शिकवायची गरज नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पण तेवढ्या भांडवलावर मी मुलं शिकवली, सासू सांभाळली, सुना वळणावर आणल्या, आणि आमच्या इमारतीच्या वाचन मंडळात आजही पहिल्या खुर्चीवर मीच बसते. बाकीच्या बाया पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात. वाचू देत बापड्या, त्यांना वेळ आहे. मी शेवटचं पान वाचते. ज्या गोष्टीचा शेवट नासका, तिच्या सुरुवातीत कशाला डोळे फोडून घ्यायचे? सून निवडतानासुद्धा मी मुलीकडे पाहिलं नव्हतं, तिच्या आईकडे पाहिलं होतं. पुढे काय होणार ते सगळं तिथे दिसतं.

आमच्या मंडळाची रीत अशी, की पुस्तक एकच घ्यायचं आणि ते घरोघर फिरवायचं. प्रत्येकीची पेन्सिल वेगळी. जिला ज्या ओळीबद्दल बोलायचं असेल तिने त्या ओळीखाली रेघ मारायची आणि पुस्तक पुढच्या घरी द्यायचं. हेडबाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या हेडमास्तरीणबाई, लाल वापरतात. जन्मभर तोच रंग हातात, आता सुटतोय कुठला. तळमजल्यावरच्या टेलरबाईची निळी, कापडावर खुणा करायची. माझी साधी काळी, मला नखरे जमत नाहीत. सगळी घरं फिरून झाली की बैठक, आणि ती पुस्तक निवडणारीच्या घरी.

या खेपेला पाळी माझी होती. हेडबाई म्हणाल्या, "मोठ्या बाई, यावेळी रहस्यकथा ठरली आहे. खून, तपास, धक्के. झेपेल ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "हेडबाई, एका घरात एक नवरा आणि त्याच्या तीन बहिणी झेपवल्यात मी. खुनाचं काय घेऊन बसलात."

"आणि एक," हेडबाईंनी आवाज खाली आणला, "घड्याळवालीला बैठकीला आणायला हवं. नवरा गेल्यापासून ती दुकानाबाहेर पडलेली नाही."

घड्याळवाली म्हणजे खाली टेलरबाईच्या शेजारी घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, तिथली. दुकानाच्या मागच्या खोलीत नवराबायको राहायचे. नवऱ्याला मणक्याचं दुखणं लागलं आणि तो अंथरुणाला खिळला. असा ओरडायचा की ऐकवत नसे. नळाच्या पाइपातून त्याचा आवाज माझ्या मोरीपर्यंत चढायचा. मग एक दिवस ओरडणं थांबलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो गेला. तेव्हापासून दुकानाचं शटर अर्धंच उघडं असतं. गिऱ्हाईकाने वाकून घड्याळ द्यायचं, वाकून परत घ्यायचं. बाईचं तोंड कोणाला दिसत नाही.

"माझ्यावर सोडा," मी म्हटलं. "असं पुस्तक निवडते की पायात चप्पल अडकवून आपण होऊन येईल."

लायब्ररीत गेले. तिथल्या माणसाने रहस्यकथांचा ढीग पुढ्यात टाकला. मी एकेकीचं शेवटचं पान उघडत गेले. एकीत पोलीस मेला होता, एकीत कुत्रा, एकीत सगळेच. एकीत शेवटच्या ओळीला फक्त टोपी उरली होती. अशी पुस्तकं दुःखात असलेल्या बाईला द्यायची का? मग हाती एक लागलं. शेवटच्या पानावर एक बाई रिकाम्या घरात एकटी. पलंग ओढून तिने खिडकीशी आणलाय. सगळ्या पलंगावर हातपाय पसरून झोपलीय. सकाळी जाग येते तर बाहेर पाखरं बोलतायत, आणि तिच्या लक्षात येतं की आता कोणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. बस, संपलं.

मला तिथेच भरून आलं. नवऱ्याचा खून झालेला, खुनी सापडलेला, त्याला शिक्षा झालेली, आणि ही पोर हळूहळू सावरते आहे. सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. घरी येऊन त्या पानावर मी काळी रेघ मारली, दोनदा ओढली. मी वाचतेय असं लोकांना वाटावं म्हणून काही दिवस पुस्तक उशीखाली ठेवलं, वर चष्मा ठेवला, आणि मग हेडबाईंकडे धाडलं. जी भेटेल तिला सांगितलं, "हे पुस्तक मी मुद्दाम घड्याळवालीला डोळ्यांपुढे ठेवून निवडलंय. वाचा म्हणजे कळेल."

पुस्तक फिरू लागलं आणि इमारतीत काहीतरी बदललं. जिन्यात बोलणाऱ्या बाया मी आले की गप्प व्हायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, जशी काही मी न्यायाधीशच आहे. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

टेलरबाईने मला तिच्या दारात थांबवलं. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून म्हणाली, "मोठ्या बाई, नजर मानली तुमची. आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो, आम्हाला पत्ता नाही. तुम्हाला वरच्या मजल्यावरून कळलं."

"बाईचं दुःख कळायला खाली यावं लागत नाही."

"दुःख म्हणे." ती कोरडं हसली. "किती सांभाळून बोलता हो. ओरडणं एकाएकी थांबलं होतं, आठवतंय ना?"

"आठवतंय की. कधीतरी थांबायचंच ते."

तिने टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या आणि मान अशी हलवली, जसं काही मी कशावर तरी शिक्कामोर्तब करून दिलंय. मी आपली जिना चढले. आज भाजी कोणती करायची याचा विचार करत होते मी, देवाशपथ.

त्याच आठवड्यात माझ्या दारावर घड्याळवालीचा दीर उभा. भाऊ तळमळत होता तेव्हा हा माणूस कधी दिसला नव्हता. आता इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मोठ्या बाई, तुमचे उपकार झाले. माझ्या मनात होतंच, पण घरचा माणूस बोलला की लोक नावं ठेवतात. तुम्ही पुढे झालात."

"कशात पुढे झाले?"

"वहिनीच्या बाबतीत. अहो, दुकान माझ्या वडिलांचं. असलं काही केलेली बाई त्यात बसणार आणि आम्ही बघत राहायचं? मी पोलिसांत जातोय. तुम्ही एवढंच सांगायचं, की तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पुस्तकात आहे तेच," तो म्हणाला, आणि डोळा बारीक केला.

मी त्याला पाणी आणते म्हणून आत गेले. सूनबाई कणीक मळत होती. ही माझी धाकटी सून, कचेरीत जाते, डबा खाताना वाचते. पुस्तक माझ्या उशीखाली होतं तेव्हाच तिने ते पळवून वाचलेलं, हे मला माहीत होतं. मी कानाशी जाऊन विचारलं, "त्या पुस्तकात काय आहे गं?"

तिचे हात कणकेत थांबले. "आई, निवडलंत तुम्हीच ना?"

"निवडलं म्हणजे वाचलं असं कोणी सांगितलं तुला?"

मग तिने सांगितलं. पुस्तकातला नवरा अंथरुणाला खिळलेला. रात्रंदिवस ओरडतो. बायको त्याच्या झोपेच्या गोळ्या कुटून दुधातून देत जाते. ओरडणं थांबतं. भिंतीपलीकडच्या शेजारणीला ती शांतता खटकते, पण ती गप्प बसते. नवरा मरतो.

"आणि पोलीस?"

"पोलिसांना शेवटपर्यंत कळत नाही."

"पण मग ती खिडकीशी पलंग ओढून, ती पाखरं..."

"ती सुटली म्हणून, आई. त्याच्यापासून."

मी पिठाच्या डब्यावर बसले. डबा करकरला. "आणि तू हे मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, मुद्दाम तिच्यासाठी निवडलंय म्हणून. मला वाटलं तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे."

माझ्या घरात माझं मीठ खाणारी पोर, तिलासुद्धा वाटलं. मग बाहेरच्यांचा काय दोष. आयुष्यभर मी एक कमावलं, की मोठ्या बाई उगाच बोलत नाहीत. आता त्याच कमाईचा दोर करून मी एका बाईच्या गळ्यात टाकला होता, आणि दोराचं दुसरं टोक धरून दीर बाहेर खुर्चीवर बसला होता. तो माझं नाव घेऊन पोलिसांत गेला की बाईचं दुकान जाणार, डोक्यावरचं छप्पर जाणार, आणि खरं खोटं ठरेपर्यंत तिला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

पाणी घेऊन बाहेर आले. म्हटलं, "भाऊ, घाई करू नका. बैठक होऊ द्या. मला जे सांगायचं ते मी सगळ्यांसमोर सांगेन."

मला वाटलं, वेळ मिळाला. तो खूश होऊन म्हणाला, "हे उत्तम. साक्षीदारही आयते मिळतील." आणि फळांची पिशवी ठेवून गेला. द्राक्षं आंबट निघाली, माणसासारखीच.

आता एकच करायचं राहिलं होतं. पुस्तक तिच्या हाती पडायच्या आत काढून घ्यायचं. हेडबाईंकडे धावले, पुस्तक कोणाच्या घरी पोचलं याचा हिशोब त्याच ठेवतात. धावले म्हणजे माझ्या गुडघ्यांना जेवढं धावणं म्हणता येईल तेवढं. हेडबाई म्हणाल्या, "अहो, ते कालच तिच्याकडे पोचवलं. शेवटचं घर तिचंच होतं ना? तुम्ही तिच्यासाठी निवडलंय असंही सांगून आले."

खाली गेले. शटरखालून वाकताना कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. आत दुरुस्तीच्या टेबलावर दिवा, लोकांची घड्याळं कागदी पाकिटांत ओळीने ठेवलेली, आणि त्यांच्या मधोमध घड्याळवाली. समोर पुस्तक उघडं. नवऱ्याचं ते डोळ्याला लावायचं भिंग तिने लावलं होतं आणि ती वाचत होती. पानावर हेडबाईंच्या लाल रेघा, समासात "लक्षात घ्या" असं वळणदार अक्षर. टेलरबाईने तर निळी पेन्सिल अशी चालवली होती, जसा काही पानाचा ब्लाउजच बेतायला घेतलाय. गोळ्या, दूध, शांतता. जिथे जिथे नवरा कण्हला होता तिथे तिथे निळं.

"बसा, मोठ्या बाई," ती म्हणाली.

"अगं, हे पुस्तक तुझ्याकडे चुकून आलं. मी न्यायला आलेय."

"चुकून कसं? माझ्यासाठीच निवडलंत ना?"

"निवडलं, पण त्याचं असं झालं की..."

ज्या तोंडाने मी तीन नणंदांना गप्प केलं त्या तोंडाला कुलूप लागलं. तिने भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता.

"थोडंच राहिलंय," ती म्हणाली. "वाचून होईल. बैठकीला येते मी."

"बरं वाटत नसेल तर नाही आलीस तरी..."

"येते म्हटलं ना."

बाहेर पडताना शटर माझ्या डोक्यात बसलं. बरोबर बसलं.

बैठकीला एरवी निम्म्या बाया येतात, त्यातल्या निम्म्या चहासाठी. त्या दिवशी माझ्या पुढच्या खोलीत सतरंजी पुरली नाही. ज्यांनी आयुष्यात औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीखेरीज काही वाचलं नाही त्यासुद्धा पदर सावरून बसल्या होत्या. दीर दाराजवळ स्टुलावर. घड्याळवाली आली तेव्हा सगळ्या सरकल्या, जागा द्यायला नव्हे, लांब व्हायला. तिच्या दोन्ही बाजूंना सतरंजी रिकामी राहिली. मी माझी पहिली खुर्ची सोडली आणि गुडघे दुमडून तिच्याशेजारी बसले. आता उठता येईल की नाही याचा विचार नंतर करू म्हटलं.

निवडणारीने सुरुवात करायची असते. मी घसा साफ केला. "माझं मत असं, की या पुस्तकातल्या बाईने काहीही केलेलं नाही."

हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मोठ्या बाई, ती स्वतः कबूल करते."

"रागाच्या भरात माणूस काहीही कबूल करतं."

"एकटी असताना करते. आरशासमोर उभी राहून."

"आरशासमोर तर बाई जास्तच खोटं बोलते. तुम्ही कधी उभ्या राहिला नाहीत का?"

कोणी हसलं नाही. एरवी या वाक्यावर खोली डोक्यावर घेतली असती. मी घड्याळवालीकडे बघितलं. ती मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत होती. मग मी जे आजवर कोणाजवळ केलं नव्हतं ते केलं. म्हटलं, "ऐका. मी हे पुस्तक वाचलेलंच नाही. शेवटचं पान तेवढं पाहिलं आणि निवडलं. मला काही म्हणायचं नव्हतं, मला काही माहीत नाही."

मग टेलरबाईने डोळ्याला पदर लावला. "केवढं मन हो तुमचं. तिच्यावर पांघरूण घालायला स्वतःला अडाणी म्हणवून घेताय."

"अगं, खरंच वाचलं नाही मी."

"बघा, अजून झाकतायत," ती शेजारणीला म्हणाली.

एवढी वर्षं मी खोटं बोलले आणि लोकांनी विश्वास ठेवला. पहिल्यांदा खरं बोलले तर ही तऱ्हा.

दीर स्टुलावरून उठला. "मुद्द्याचं बोलू या. माझा भाऊ ओरडायचा, सगळ्या इमारतीने ऐकलंय. मरायच्या आधी त्याचं ओरडणं बंद झालं. का झालं, ते वहिनीने इथे सांगावं. नाहीतर दुसरीकडे सांगावं लागेल."

घड्याळवालीने पुस्तक मिटलं. म्हणाली, "या पुस्तकात एक चूक आहे."

हेडबाईंचा हात सवयीने लाल पेन्सिलीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"इतक्या गोळ्या पोटात गेल्या तर माणूस असा झोपल्यासारखा मरत नाही. ओकतो. डोळे फिरतात. हातपाय झाडतो."

"तुला कसं माहीत?" टेलरबाईने विचारलं. खोलीतली प्रत्येक बाई हेच विचारत होती, तिने फक्त तोंड वापरलं.

"ह्यांनी घेतल्या होत्या ना," घड्याळवाली म्हणाली. "मी एकाचं घड्याळ द्यायला बाहेर गेले होते. परत आले तर डबी रिकामी. मी घशात बोटं घातली. ह्यांनी चावलं." तिने उजवा हात पुढे केला. दोन बोटांवर दातांचे व्रण होते, अजून जांभळट. "तरी काढल्या. डॉक्टर आले, त्यांनी नळी घालून उरलेलं काढलं. वाचवलं आम्ही."

तिने हात पदराखाली घेतला.

"शुद्धीवर आले तर म्हणाले, तुला कोणी सांगितलं होतं? एवढंच. मग बोलले नाहीत. दुखायचं तर उशी चावायचे, पण मला ऐकू येईल असं ओरडले नाहीत. पाणी हवं तर भिंतीकडे बघायचे. मी विचारलं, रागावलात का? भिंतीकडे. तसेच गेले." मग तिने मान वळवली. "म्हणून थांबलं होतं ओरडणं, टेलरबाई."

टेलरबाईचं तोंड उघडं राहिलं होतं. ते तिने दोन्ही हातांनी झाकलं.

"भावजी," घड्याळवाली दिराकडे बघून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पोलिसांत जायचं तर जा. डॉक्टरही तिथे येतील. मी सांगेन, की ह्यांना मरायचं होतं आणि मी मरू दिलं नाही. आणि ह्यांनी तुमच्या नावाने हाका मारल्या तेव्हा तुम्ही कुठे होता, हेही तिथेच विचारेन."

दीर आपल्या बुटांकडे बघत राहिला. "मला काय कल्पना," असं काहीसं पुटपुटला आणि गेला. दार नीट लावूनही गेला नाही.

टेलरबाई सरकत सरकत आली, तिने घड्याळवालीच्या मांडीवरून पुस्तक घेतलं आणि खोडरबराने निळ्या रेघा पुसायला लागली. घासून घासून पान फाटलं. कापडावरची पेन्सिल ती, पाण्याशिवाय जाते का. कोणी तिला थांबवलं नाही.

हेडबाई माझ्या कानाशी वाकल्या. "मोठ्या बाई, आता कळलं. तिने एकदा बोलावं, एवढ्यासाठीच निवडलंत तुम्ही हे."

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं, असंही नाही.

सूनबाई कोपऱ्यात डोळे पुसत बसली होती, चहाचं तिच्या ध्यानातच नव्हतं. घड्याळवाली उठली. "बसू द्या तिला, चहा मी टाकते," म्हणाली आणि माझ्या स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज, कपबशांचा आवाज, मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. खोलीतल्या सगळ्या बाया दाराकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या.

ती ट्रे घेऊन आली. सगळ्यांच्या पुढ्यात कप ठेवले, एक स्वतः घेतला. कपांतून वाफ निघत होती आणि एकीचाही हात पुढे होईना. हेडबाईंना एकाएकी चष्मा पुसायचा होता. टेलरबाई पान पुसतच होती.

कप पहिला मीच उचलला. या गोष्टीसाठी इमारतीत आजही माझं नाव घेतात. मोठ्या बाई पुढे झाल्या, मोठ्या बाईंनी सगळ्यांची लाज राखली, असं म्हणतात. त्यांनी एक पाहिलं नाही. कप उचलून मी तो हनुवटीशी धरून ठेवला होता, आणि घड्याळवालीने आपल्या कपातला घोट घशाखाली उतरवल्यावरच ओठाला लावला.

तिने पाहिलं. माझ्याकडे बघत तिने दुसरा घोट घेतला, सावकाश, मला नीट दिसेल असा.

मी चहा प्यायले. माझ्यामागून सगळ्या प्यायल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "साखर जरा कमी पडलीय."

"द्या इकडे," ती हात पुढे करून म्हणाली, "आतून घालून आणते."

"राहू दे, राहू दे," मी कप छातीशी धरला. "डॉक्टरांनी मला साखर कमीच करायला सांगितलीय."

कोणत्या डॉक्टरांनी, असं सूनबाईने विचारलं नाही. गुणाची पोर आहे ती.